त्रेचाळीस थरांचा धनगर

मी एक जुना धनगर आहे, मित्रांनो, पण हाडामांसाचा नव्हे, संगणकात काढलेला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी असा माझा थाट आहे. भालकीच्या बस स्टँडजवळ सुनीलकुमार अण्णांचे फ्लेक्स छापायचे दुकान आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकात मी राहतो. माझी मेंढरे कुठे आहेत असे विचारू नका. ती काढायचीच राहून गेली.

मला श्रीदेवीने काढले, २०१० साली. ती खटकचिंचोळीच्या बिराप्पाची थोरली लेक. बिराप्पाने मेंढरे विकून जवळच्याच कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी धरली होती. श्रीदेवी संगणकाचा कोर्स करून अण्णांच्या दुकानात वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे, निवडणुकीचे फलक जुळवायची. कुणाचे तोंड गोरे कर, कुणाच्या मिशा काळ्या कर, यातच तिचे दिवस जायचे. तिच्या हातात खरी कला होती आणि ती इथे वाया चालली आहे, हे तिला कळत होते.

हैदराबादेत हलती चित्रे तयार करणारी एक कंपनी होती. श्रीदेवीने तिथे अर्ज केला. त्यांनी कळवले की एक माणूस काढून पाठवा, पण असा की आमच्या लोकांना तो पडद्यावर लगेच हलवता-चालवता आला पाहिजे. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. जागा एकच होती, आणि श्रीदेवीने तिच्यासाठी सगळा जीव ओतला.

दोन रविवार तिने बापाला अंगणात उभे केले. त्याने पेटीतली घोंगडी काढून खांद्यावर घेतली आणि तो तासन्‌तास काठी धरून उभा राहिला. आई बाणूबाई म्हणाली, यांना एवढा वेळ गप उभे राहिलेले मी लग्नातही पाहिले नव्हते. त्या उभ्या राहण्यातून मी जन्मलो.

आता माझी घडण ऐका, कारण माझे सगळे दुःख तिच्यात आहे. साधे चित्र एकाच कागदावर असते. मी त्रेचाळीस थरांचा होतो, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या त्रेचाळीस पारदर्शक कागदांचा समजा. जे जे हलणार, ते ते वेगळ्या थरावर. वरचा हात वेगळा, कोपराखालचा वेगळा, पंजा वेगळा. घोंगडी वाऱ्यावर हलावी म्हणून तिचे तीन तुकडे. पापण्या उघड्या आणि मिटलेल्या. बोलता यावे म्हणून तोंडे चार. प्रत्येक थराला तिने नाव दिले होते, म्हणजे दुसऱ्याला शोधावे लागू नये. खांद्याचे टोक तिने गोल केले होते, म्हणजे हात फिरताना फट पडत नाही. घोंगडीखाली झाकलेला खांदासुद्धा तिने पुरा रंगवला होता. जे कुणाला दिसणार नाही, ते एवढे मन लावून रंगवणारी माणसे थोडी असतात, मित्रांनो. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

शुक्रवारी मी पुरा झालो. कुठला तुकडा कुठला ते पाहणाऱ्याला पटकन कळावे म्हणून तिने माझे हात, मुंडके आणि तोंडे बाजूबाजूला सुटी मांडली, मला साठवले, आणि पाठवणार तोच वीज गेली. ती रात्र पडेपर्यंत आलीच नाही. उद्या सकाळी पाठवू म्हणून श्रीदेवी गावी गेली. माझी दुसरी प्रत तिने केली नव्हती.

शनिवारी बंद निघाला. एकही बस सुटली नाही. श्रीदेवीने शेजारच्या फोनवरून अण्णांना सांगितले, "अण्णा, धनगराची फाईल हाय, तेवढी पाठवा. मेलचा पत्ता टेबलावर लिवून ठिवलाय."

अण्णा म्हणजे देवमाणूस. पोरीचे भले व्हावे म्हणून ते बंदच्या दिवशी मागच्या दाराने दुकानात आले. पाठवण्याआधी एकदा पाहावे म्हणून त्यांनी मला उघडले. हात एकीकडे, मुंडके एकीकडे. ते घरात देवाची भंगलेली तसबीरसुद्धा ठेवत नाहीत.

"अरारा, पोरीचा म्हातारा मोडला की," ते स्वतःशीच म्हणाले. "असलं तुटकं माणूस कुणाच्या दारात पाठवायचं न्हाई."

मग ते बसले जोडायला. हात खांद्याला लावले, मुंडके मानेवर ठेवले. तीन तोंडे जास्तीची वाटली, ती पुसून टाकली. शेवटी, फ्लेक्स छापायला देण्याआधी ते नेहमी करायचे तेच केले. सगळे थर मिळवून एक सपाट चित्र करून टाकले. एकदा असे न केल्यामुळे बारशाच्या फ्लेक्सवर बाळाचा कानच छापायचा राहिला होता, आणि बाळाच्या मामाने दुकानात येऊन तमाशा केला होता. तेव्हापासून थर मिळवल्याशिवाय अण्णांच्या हातून काही बाहेर जात नसे.

मला सगळे कळत होते. एकेक थर माझ्यातून जात होता आणि मला बोट हलवता येत नव्हते. ज्याला चार तोंडे दिली होती, त्याला हाक मारता आली नाही. अण्णांनी मला त्याच नावाने साठवले, पाचला वीस मिनिटे कमी असताना पाठवले, आणि समाधानाने कुलूप लावून घरी गेले.

सोमवारी कंपनीचे उत्तर आले. चित्र सुरेख आहे, पण यातले काहीच हलत नाही, तुम्ही आमची सूचना वाचलेली दिसत नाही. श्रीदेवीने मला उघडले. थरांच्या यादीत त्रेचाळीसच्या जागी एकच नाव उरले होते.

"अण्णा, ह्याला कुणी हात लावलं का?"

"मीच की," अण्णा आनंदाने म्हणाले. "पाक मोडून पडलता बघ. हात, मुंडकं, सगळं जागच्या जागी बशिवलो. दोन घंटे गेले, पर टायमात पाठवलो. काय म्हनायलेत हैद्राबादवाले?"

श्रीदेवीचा चेहरा उतरला होता. अण्णांचा चेहरा फुलला होता. दोघांच्या मधे मी होतो, आणि माझा काही उपयोग नव्हता.

"घेतले न्हाईत," ती म्हणाली. "पर तुमी बरं केलात, अण्णा."

तीन दिवस तिने मला पुन्हा सुटे करून पाहिले. हात कापून बाजूला सरकवला, तर खाली पांढरे भोक निघाले. मन लावून रंगवलेला तो खांदा आता कुठेच नव्हता. तिने कंपनीला पत्र लिहून चार आठवडे मागितले. जागा भरली होती.

वर्षाच्या आत श्रीदेवी कोळारला औषधांच्या कारखान्यात लागली. दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. मेंढरे काढायला तिला पुन्हा सवड झाली नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी चित्र काढत असेल, तर त्याची एक प्रत वेगळी ठेवा. आणि दुसऱ्याचे काम तुम्हाला मोडलेले दिसले, तर ते नीट करायला बसण्याआधी एकदा त्या माणसाला विचारा. माया करणाऱ्यांनी तर जरूर विचारा, कारण त्यांना नंतर कुणी काही सांगत नाही.

श्रीदेवी कधीतरी सुटीच्या दिवशी दुकानात डोकावते. अण्णा मला पडद्यावर उघडतात आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगतात की हा या पोरीचा म्हातारा, पाक मोडला होता, मी जोडला. गिऱ्हाईक तिच्याकडे पाहते.

"व्हय," ती म्हणते, "अण्णानंच जोडला."