उरलेल्या औषधांचा डबा

गल्लीत मला अर्धी डॉक्टर म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला गुदगुल्या व्हायच्या. माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. कुणाचं पोर बरं झालं की बाटलीत उरलेलं औषध त्या डब्यात यायचं. औषध फेकून देणं आमच्याकडे अन्न फेकण्याइतकंच वाईट. "मंजुताई, डब्यात तापाचं हाय काय?" म्हणत शेजारची कौशल्याबाई आठवड्यातून एकदा तरी दारात उभी.

माझी भाची महामाया पाच वर्षांची. तिला ताप आला, आणि लघवीला बसली की रडायची, "आत्या, आग होते." महिन्यापूर्वीही हेच झालं होतं. तेव्हा चिखलीच्या डॉक्टरीणबाईंनी सात दिवसांचं पातळ औषध दिलं होतं आणि बजावलं होतं, हे वारंवार झालं तर किडनीला इजा होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून मीच ते थांबवलं. आता वहिनी सुवर्णा शेतात गेल्यावर मी डब्यातून तीच बाटली काढली. दोन दिवसांत चार चमचे पाजले. ताप उतरायचा सोडून चढला.

मग आम्ही दोघी तिला घेऊन चिखलीला गेलो. लघवी तपासायला दिली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी काही औषध दिलं होतं?"

"नाही जी," सुवर्णा म्हणाली. मी तोंडातून ब्र काढला नाही. अर्धी डॉक्टर ना मी!

नवं औषध सुरू झालं. तीन दिवसांनी रिपोर्ट घ्यायला गेलो, तेव्हा पोरीचा ताप उतरला होता.

"रिपोर्टमध्ये जंतू नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे लघवीचा आजार नसावा. औषध थांबवू."

पुन्हा तिसराच दिवस. महामाया माझ्याच मांडीवर बसून माझ्या बांगड्यांशी खेळत होती. मागच्या वेळी मीही तिसऱ्याच दिवशी औषध थांबवलं होतं.

"थांबा मॅडम. मी देल्लं होतं. मागच्या बाटलीतलं, चार चमचे. तिच्या मायले ठाऊक नाही."

सुवर्णाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "बरं करायला ते जुनं औषध निकामी होतं. जंतू लपवायला मात्र पुरलं. आता पूर्ण दहा दिवस द्यायचं, एक चमचाही चुकवायचा नाही. आणि किडनीची सोनोग्राफी आजच करू."

किडन्या ठीक निघाल्या. तोवर माझा जीव टांगणीला लागला होता.

एसटीत सुवर्णा खिडकीबाहेर पाहत राहिली. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरी आल्याबरोबर मी डबा रिकामा केला आणि दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसले. मला माझीच लाज वाटत होती.

सात वाजता सुवर्णा बाटली आणि चमचा घेऊन आली. "ताई, ते तुमच्याच हातानं पेते. तुम्हीच द्या. पण बाटली माह्याजवळ राहीन."

मला रडू आवरेना. डोळे पुसून मी चमचा भरला, थेंबही सांडू दिला नाही. महामायाने औषध गिळलं आणि नेहमीसारखा आ करून तोंड दाखवलं.

आजवर ती आधी मला दाखवायची. आज तिने आईकडे पाहिलं.