अंगठ्याची रजा

१८९४ सालच्या माघात गिरगावातल्या एका छापखान्यात जयवंतचा डावा अंगठा यंत्रात सापडून ठेचला. जयवंत छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा; यंत्राशी त्याचं काम नव्हतं. पण कागद अडकला, यंत्रावरच्या दौलतने हाक मारली आणि त्याने हात घातला.

सात आठवडे तो घरी होता. तेवढे दिवस आजारी फंडाने त्याला अर्धा पगार दिला. हा फंड कामगारांचाच, दरमहा त्यांच्या पगारातून कापून जमवलेला. मालकाने त्यात पैही घातली नव्हती.

वैशाखात हर्णैहून मामाचं पत्र आलं. आईने अंथरूण धरलं आहे, पाऊस लागून बोटी बंद व्हायच्या आत ये. पत्र घेऊन जयवंत व्यवस्थापक रमाकांतपंतांकडे गेला.

"पंत, गावी आई आजारी आहे. माझी वर्षाची पंधरा दिवसांची रजा शिल्लक आहे. ती हवी."

"शिल्लक कुठली? सात आठवडे घरी बसून फंड खाल्लास. त्यातच गेली रजा."

"घरी बसलो नव्हतो. अंगठा ठेचला होता. आणि असा नियम नाही, पंत. फंडाची चोपडी मीच जुळवलीय. बारा कलमं आहेत, एकातही हे नाही."

दुपारी जयवंतच्या हातात जुळवणीसाठी एक कागद आला. पंतांच्या अक्षरात तेरावं कलम: फंडातून पगार घेतलेले दिवस रजेत धरले जातील. खाली लिहिलं होतं, गेल्या पौषापासून लागू.

पौष वाचताच जयवंतचे कान तापले. त्याचा अंगठा माघातला. तो कागद घेऊन सरळ पंतांच्या टेबलापाशी गेला.

"हे मी जुळवणार नाही."

पंतांनी आवाज खाली आणला. "जुळव आणि आठ दिवस जाऊन ये. मालकांकडून तेवढी मेहरबानी मी मिळवून देतो."

"मेहरबानी नको. पंधरा दिवस माझे आहेत."

"मग परत येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भाऊच्या धक्क्यावरून बोट धरली. संध्याकाळी हर्णैला घरी पोचला तेव्हा आई शुद्धीवर होती. त्याचा वाकडा अंगठा चाचपत तिने विचारलं, "मालकाने चौकशी केली का रे तुझी?"

"केली," तो म्हणाला. त्या माणसांसाठी आईशी खोटं बोलावं लागलं, याचा त्याला सगळ्यात जास्त संताप आला.

तिसऱ्या दिवशी आई गेली. बारावं उरकून तो मुंबईला परतला आणि सोळाव्या दिवशी मुंडन केलेल्या डोक्याने, हिशेब मागायला म्हणून छापखान्यात शिरला. दौलत दारातच भेटला.

"कसला हिशेब? तुझी जागा आहे तिथेच आहे," दौलत म्हणाला. कलम दुसऱ्याने जुळवलं होतं. पण दौलत आणि आणखी सहा जणांनी पंतांना सांगितलं, हे छापायचं तर यंत्र तुम्हीच फिरवा. जूनच्या आधी शाळांची पुस्तकं द्यायची होती. तीन दिवस यंत्रं बंद राहिली, मग मालकाने कलम रद्द केलं. जयवंतचे पंधरा दिवस रजेत लिहिले गेले.

पंतांची नजर त्याच्या डोक्याकडे गेली. "आई गेली? वाईट झालं. बस कामाला."

"आठ दिवसांत परत बोलावत होतात मला," जयवंत म्हणाला. "तिचा दहावासुद्धा झाला नसता."

पंतांनी समोरचे कागद उगाच खालीवर केले.

जयवंत जागेवर बसला, पण एकही खिळा न उचलता पंतांकडे पाहत राहिला. दौलतने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"पी. मग शिव्या दे हव्या तेवढ्या."

जयवंत पाणी प्यायला. शिवी त्याने दिली नाही. पंतांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "दौलत, फंडाच्या पेटीची किल्ली कुणाकडे असते?"

"पंतांकडे."

"आजपासून ती आपल्याकडे पाहिजे," जयवंत म्हणाला आणि उठून ती मागायला गेला.