समासातली मतं

आमच्या वाचनमंडळाचा नियम सोपा आहे. पुस्तक एकच विकत घ्यायचं, ते घरोघर फिरवायचं आणि प्रत्येकाने आपापल्या रंगाच्या पेन्सिलीने समासात वाटेल ते लिहायचं. शेवटच्या घरी पोचेपर्यंत त्यात लेखकापेक्षा आमचीच बडबड जास्त झालेली असते. या वेळी पुस्तक मी निवडलं होतं आणि शेवटचा नंबरही मागून घेतला होता. त्यात माझा डाव होता.

कादंबरी आजकालचीच, नाशिकमधली. अठ्ठावन्न वर्षांची विधवा आणि तिच्या कॉलनीत राहायला आलेला एक निवृत्त गृहस्थ, यांचं प्रेम. आता सरळच सांगते. मीही अठ्ठावन्नची, मीही विधवा, आणि बंगळूरजवळच्या होसकोटेच्या एका कारखान्यात मशिनांची देखभाल बघणाऱ्या रत्नाकरांनी मला आठ महिन्यांपूर्वी लग्नाचं विचारलं होतं. माझी मुलगी निवेदिता ऐकताक्षणी हो म्हणाली. मी अडले होते ती या मंडळापाशी. निपाणीहून बंगळूरला, बनशंकरीत आले त्याला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून हीच माझी माणसं. नवरा गेला तेव्हा महिनाभर डबा यांच्याच घरून आला. ती तोंड फिरवतील या धास्तीने मी रत्नाकरांना ‘स्वल्प थांबा’ म्हणत राहिले होते. कादंबरीतल्या बाईला ही मंडळी काय म्हणतात ते आधी बघू, असं मी ठरवलं.

पुस्तक हाती आलं आणि मी फक्त समास वाचत सुटले.

हिरवी पेन्सिल सुचेताची. ती पुण्याची, तिशीची, आयटीतली, मंडळात सगळ्यात नवी. ‘किती क्यूट!’ ‘हा चक्क ऐकून घेतो. ठेवून घे याला.’ नायक-नायिका भाजीबाजारात हात धरतात तिथे लिहिलं होतं, ‘एकशे बारा पानं वाट बघितली आणि फक्त हात?’ घरात मी एकटीच होते, तरी लाजले.

निळी पेन्सिल वादिराजांची. ते निवृत्त इंजिनिअर. प्रेमाबद्दल त्यांचं काही म्हणणंच नव्हतं. ‘गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे. हा कुंडी घेऊन चार मजले कसा चढला?’ ‘गाडी मागे पांढरी होती.’ शेवटच्या पानावर मात्र बारीक अक्षरात, ‘वेळ वाया गेला, पण बरा गेला.’

भाग्यलक्ष्मी अक्कांची काळी पेन्सिल साठाव्या पानावर संपली होती. मंडळ काढलं अक्कांनी. वय अठ्ठ्याहत्तर. रद्दीत घालण्याच्या लायकीचं पुस्तकसुद्धा त्या चिवटपणे शेवटपर्यंत वाचतात. साठाव्या पानाखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘पुरे.’ पुढे एक अक्षर नाही. अक्कांना हे प्रेम पसंत नाही, असंच मी धरलं. रत्नाकरांना नकार कसा कळवायचा याची वाक्यं मी त्याच संध्याकाळी जुळवायला घेतली.

शनिवारी दुपारी मल्लेश्वरमला अक्कांकडे बैठक झाली. सुचेता म्हणाली, पुस्तक मस्त आहे. वादिराज म्हणाले, संपादकाने मोटारीचा रंग तरी तपासायला हवा होता. अक्कांना विचारायचा धीर मला होईना. शेवटी सुचेतानेच अक्कांना छेडलं, “तुम्ही अर्धवट का सोडलंत? बोल्ड वाटलं का?”

“कसलं बोल्ड?” अक्का म्हणाल्या. “दोघं गोड हाईत की. पण ती बाई आधी बहिणीला विचारती, मग शेजारणीला, मग गुरुजींना. साठ पानं झाली तरी विचारायचंच चाललंय. त्या माणसाला मात्र एक शब्द सांगत नाही. तिकडं त्याचं काय होत असेल? मी म्हटलं पुरे, हिच्यासंगट बसायला मला वेळ नाही.”

“लोक काय म्हणतील याचं टेन्शन असतं ना, अक्का.”

“म्हणतील की चार दिवस. पाचव्या दिवशी नळाला पाणी येणार नाही, मग त्याचंच बोलत बसतील.”

वादिराज हसले. मला हसू आलं नाही. आठ महिन्यांत मी सगळ्यांच्या मनाची काळजी केली होती. दर रविवारी फोन करून ‘बरं, थांबतो’ म्हणणाऱ्या माणसाचा उरलेला रविवार कसा जात असेल, याचा विचार एकदाही केला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. तिथेच खुर्चीवर बसून मी रत्नाकरांना फोन लावला.

कारखान्यात शनिवारी काम चालू असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

“हो,” मी हळूच म्हणाले.

“काय म्हणालात? इथे मशीन चालू आहे.”

“हो म्हणतेय मी.”

“कोण पडलंय? कस्तुरी, सगळं ठीक आहे ना?”

“अहो, लग्नाला हो म्हणतेय,” मी ओरडले. “तुमच्याशी लग्न करायला तयार आहे मी!”

ज्यांची मतं कळावीत म्हणून मी एवढा खटाटोप केला होता, ती तिन्ही माणसं हातभर अंतरावर होती. त्यांचे चेहरे कसे झाले ते मला आजही सांगता येत नाही. पलीकडे मशीन बंद झालं होतं, आणि रत्नाकर हसताहेत की रडताहेत ते कळावं म्हणून मी फोन कानाला घट्ट लावून बसले होते.