दुसरं टोक

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे, दोन मुठींची. मुठी किती ते मुद्दाम सांगते, कारण सध्या मी ज्या भिंतीवर टांगलेली आहे तिथे तुम्हाला एकच मूठ दिसेल. दुसरीचं काय झालं ते सांगेनच. त्याआधी माझा स्वभाव सांगून ठेवते. मी संशयी आहे. सगळा जन्म दोघांच्या मध्ये गेला; एक इकडे ओढणार, दुसरा तिकडे. अशा जागी राहून जो भाबडा राहील, त्याला माझा नमस्कार.

मला घडवणारा लोहार अबोल होता. कानशीने एकेक दात काढून झाला की तो एक डोळा मिटून माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, याचाही माझ्यावर विश्वास नाही. मुठी सुताराने केल्या, एकाच लाकडाच्या, एकाच मापाच्या. लाकडाच्या वखारीचा मालक मला न्यायला आला तेव्हा लोहाराने त्याला एवढंच बजावलं, "दोघांनी ओढायची. ढकलायची कुणी नाही. ढकलली की वाकते." मालक म्हणाला, "हो, हो." एकदा सांगितल्यावर दोनदा हो म्हणणाऱ्यांविषयी मला तेव्हापासून शंका आहे.

वखारीला पत्र्याचं छप्पर होतं. एका अंगाला ओंडके, दुसऱ्या अंगाला चिरलेल्या फळ्या, आणि मध्ये घडवंचीवर मी. भुसा सगळीकडे उडायचा, चहातसुद्धा. मालकाची बसायची खोली काचेची होती. त्याला आतून सगळं दिसायचं. बाहेरून मात्र काचेवरचा भुसाच दिसायचा. मला ती काच कधी आवडली नाही.

माझ्या एका मुठीवर पैलवान असायचा. कुस्ती त्याने जन्मात खेळली नव्हती, खांद्यांवरून नाव पडलं होतं. दुसऱ्या मुठीवर वखारीतले सगळ्यांत जुने, सगळ्यांचे काका. दोघांचा ताल जमलेला होता. काका ओढायचे तेव्हा पैलवान हात सैल सोडायचा, पैलवान ओढायचा तेव्हा काका. कामाचं सगळं मर्म यातच आहे. मग काकांची कंबर धरली, आणि एका सकाळी ते आलेच नाहीत. दारांच्या फळ्यांचं काम अंगावर होतं. मालक काचेच्या खोलीतून तीनदा बाहेर येऊन ओरडून गेला.

तेवढ्यात पैलवानाची थोरली बहीण त्याचा डबा घेऊन आली. वखारीत तिला सगळे ताई म्हणत. सासरी पटलं नाही म्हणून ती परत येऊन आई-भावाकडे राहत होती. तिने डबा ठेवला, बाह्या वर सारल्या आणि मूठ धरली. मालक म्हणाला, "तात्पुरतं धर गं टोक, ताई. माणूस मिळेपर्यंत."

मी अर्थात तिच्यावरही संशय घेतला. लाकडात गाठ आली की कच्चा हात घाबरून ढकलायला लागतो. मी गाठीची वाट बघत राहिले. गाठ आली. ताईने हात सैल केला, भावाची ओढ पुरी होऊ दिली, आणि मग आपली लांब, शांत ओढ घेतली. गाठ कधी मागे पडली ते मला कळलं नाही. संध्याकाळपर्यंत कोणतं टोक कोणाचं, हेही मला ओळखू येईना.

दुसरा माणूस काही मिळाला नाही. मालक शोधत होता की नाही, याची मला शंका आहे. फळ्या तेवढ्याच निघत होत्या, तेवढ्याच सरळ. गिऱ्हाईक आलं की तो ताईकडे बोट करायचा, "बघा, बाई असून कशी ओढते!" गिऱ्हाईक मान डोलवायचं. पैलवानाकडे बोट करून "पुरुष असून" असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. कौतुक ऐकलं की मी दात आवळते. मला आहेतही भरपूर. आणि मालक म्हणायचा, "तू काय परकी आहेस का? घरचीच आहेस." घरच्या माणसाला चहा आधी मिळतो आणि पैसे मागून, हे मी त्याच वखारीत शिकले.

मजुरी मात्र दोघांची मिळून एका पुडक्यात यायची, तीही पैलवानाच्या हातात. "घर एकच ना तुमचं? मग दोन पुडकी कशाला?" असं मालक हसत म्हणायचा. पैलवान पुडकं खिशात टाकायचा, घरखर्च करायचा, आणि ताईला हातखर्चाला थोडं द्यायचा. ताईही काही विचारत नसे.

पण तिला एक खोली हवी होती. भावाच्या घरी शेवटचं भांडं घासून झाल्यावर स्वयंपाकघरात तिचं अंथरूण पडायचं. आता भावाचं लग्न ठरलं होतं, म्हणजे ते स्वयंपाकघरही दुसरीचं होणार. शिंप्याच्या दुकानावर एक खोली रिकामी होती. मला तेल लावताना ताई स्वतःशीच पुटपुटायची, "एकच खिडकी आहे, पण दाराला आतून कडी आहे." आतून कडी लागणारं दार तिला आयुष्यात मिळालं नव्हतं. भाडं मात्र हातखर्चात बसत नव्हतं.

भाड्याचं बोलायला ती शिंप्याकडे गेली, तर तिथे काका कोट सैल करून घ्यायला बसलेले. म्हणाले, "आता तुला काय कमी? माझ्या जागेवर आहेस." आणि जागेबरोबर आपल्याला काय मिळायचं तेही त्यांनी सांगून टाकलं. तेवढ्यात खोलीचं भाडं देऊन दोन वेळचं जेवण निघालं असतं.

हे मला कसं कळलं? थोडं तेल लावतानाच्या पुटपुटण्यातून, बाकी ताईच्या हातातून. दुसऱ्या दिवशी तिची ओढ बदलली. भावाची ओढ पुरी व्हायच्या आधीच ती हिसका द्यायची. तिच्या मनात काय आलं असेल ते उघड आहे: माझ्या वाट्याचे पैसे हाच ठेवून घेतो, लग्नासाठी. पैलवानालाही काहीतरी जाणवलं. त्याला वाटलं, ही खोली बघते आहे, म्हणजे घरखर्चातून मारून पैसे साठवलेत हिने, आणि मला सांगत नाही. तोही हिसके द्यायला लागला. तोंडाने मात्र दोघं एकमेकांना "पाणी हवं का?" असं विचारत होती. अशा गोड बोलण्याच्या मध्ये राहणं म्हणजे काय, ते मला विचारा. काप वाकडा गेला. एक फळी वाकडी निघाली, मग दुसरी.

मालक खोलीतून धावत आला. "काय चाललंय? डोळे फुटले का दोघांचे?"

ताईने मूठ सोडली नाही. भावाकडे बघून म्हणाली, "मला एकदा सांग, काकांना मिळायचे तेवढे पैसे माझ्या नावावर येतात, ते जातात कुठे?"

"कसले पैसे?"

"भोळा बनू नकोस. तुझ्या सुपाऱ्या फोडायला माझे पैसे नाहीत."

"अगं, दर उतरलाय!" पैलवानाचा आवाज चढला. "काका गेले तेव्हाच उतरलाय. मालकांनी सांगितलं मला. तूच बोल, खोलीला पैसे आणलेस कुठून?"

"आणले असते तर इथे तुझं तोंड बघत उभी राहिले असते का?"

 मग दोघांनी एकदमच मालकाकडे बघितलं. मित्रांनो, इतके दिवस त्यांचा संशय माझ्या दोन टोकांवर एकमेकांकडे तोंड करून बसला होता. तो काचेच्या खोलीकडे वळायला एवढा वेळ लागला, याचंच मला नवल वाटलं.

"दर उतरला तसा नाही," मालक म्हणाला. "करवतवाल्याचा दर तोच आहे. पैलवानाला पुरा देतो ना मी! पण ताई, तू काय करतेस? दुसरं टोक धरतेस. धरण्याची कोणी मजुरी देतं का? तरी घरची म्हणून मी हातभार देतोच की."

"काका काय करायचे?" ताईने विचारलं.

"ते वेगळं. ते करवतवाले होते."

"याच टोकाला?"

मालक म्हणाला, "काम करा, काम करा. बाहेर गाडी उभी आहे."

ताईने मान हलवली आणि नवीन ओंडक्याला मला लावलं. पैलवानाने ओढली, मी त्याच्याकडे गेले. आता ताईने ओढायचं. ताईने ओढलं नाही. तिने मूठ धरली होती. नीट, दोन्ही हातांनी, मालकाला काचेतूनही दिसेल अशी.

"ताई, ओढ ना."

"मला धरण्याचे पैसे आहेत रे. धरलीय."

पैलवानाने ढकलून बघितलं. मी मध्येच वाकले, ओंडक्यात अडकले आणि अशी काही किंचाळले की बाहेरचा गाडीवाला आत डोकावला. मालक चिडला. "सरक, मी धरतो! टोक धरायला काय अक्कल लागते?" त्याने ताईच्या हातातली मूठ घेतली आणि, लोहाराचं एवढंसं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, जिवाच्या आकांताने ढकलली. माझा एक दात गेला. अजूनही ती फट आहे, मोजायला आलात तर दाखवीन. मालक घामाघूम होऊन ओंडक्यावर बसला.

"पैलवान, तू तरी समजाव हिला."

पैलवानाने आपली मूठ सोडली आणि हाताचा भुसा झटकला. "मालक, दर उतरला म्हणून तुम्ही मला सांगितलंत. मी ते खरं मानून बसलो. ही मला चोर समजली, मी हिला. आता ताईला काकांचा दर मिळाला तर ही ओढेल, आणि ही ओढेल तेव्हा मी ओढेन."

गाडीवाला म्हणाला, "माझं काय? मी किती वेळ उभा राहू?"

मालकाने आधी काचेच्या खोलीकडे बघितलं, नंतर गाडीकडे. मग म्हणाला, "बरं. काकांचा दर."

"आणि वेगळ्या पुडक्यात," ताई म्हणाली. "माझ्या हातात. मला घरची म्हणू नका, करवतवाली म्हणा."

खरं सांगू? मी तेव्हाही विश्वास ठेवला नाही. मजुरीचा शनिवार येईपर्यंत दातावर दात ठेवून होते. शनिवारी दोन पुडकी आली. ताईने तिचं तिथेच उघडलं, मोजलं, आणि मालकासमोर पुन्हा मोजलं. मला ती फार आवडली.

खोलीची कडी जुनी होती, नीट बसत नव्हती. पैलवानाने नवी बसवून दिली. मी तिथे नव्हते, पण दुसऱ्या दिवशी माझ्यावरून बोलणं चाललं होतं ते ऐकलं.

"घट्ट बसते का?"

"बसते. काल आई दार वाजवत होती, उघडलंच नाही मी. मजा आली."

"भाव चढला तुझा!"

"दर चढला," ताई म्हणाली, आणि ओढ घेतली. लांब, शांत. भावाने हात सैल सोडला होता.

मग विजेची करवत आली. ताई आणि पैलवान कुठे गेले ते मला कुणी सांगितलं नाही. मी भिंतीला टेकून गंजले, कोळ्यांनी दातांत जाळी विणली. शेवटी एका मोठ्या हॉटेलवाल्याने मला विकत घेतलं. त्याच्या माणसाने मला घासलं, तेल लावलं, आणि मला लगेच शंका आली. बरोबर निघाली. माझी एक मूठ दाराच्या चौकटीत येत होती. ती त्याने काढून टाकली. आता माझ्याखाली पाटी आहे: 'जुन्या काळच्या लाकूडतोड्याची करवत.' जेवायला आलेले लोक वाचतात आणि म्हणतात, "केवढी ताकद असेल त्या बाप्याच्या हातात!"

मित्रांनो, जुन्या वस्तूंचा गंज पुसा, त्यांना तेल लावा, सगळं करा. पण कुठल्याही कामाखाली एकच नाव दिसलं, की जरा संशय घ्या. माझ्या दुसऱ्या टोकाला दोन भोकं आहेत, मुठीचे खिळे होते तिथे. बोट घालून बघा.

आणि काढलेली मूठ कोणाची होती, असं विचाराल तर मलाही माहीत नाही. दोन्ही सारख्याच झिजल्या होत्या. भिंतीवर राहिली आहे ती ताईचीही असेल.