थरथर थांबली तेव्हा

शीतगृहाचं जाडजूड दार मागे धप्पकन लागलं आणि वहिनी गर्रकन वळली. आतून दार उघडायचा दांडा आठवडाभर कुरकुरत होता. तिने तो ओढला, ढकलला, शेवटी लाथ घातली, तसा तो तुटून खाली पडला.

शनिवारची दुपार. अर्ध्या दिवसाची पाळी संपून पॅकिंगच्या सगळ्या बाया घरी गेल्या होत्या. गोठवलेल्या वटाण्यांची शेवटची खोकी लावायला मागे राहिल्या होत्या ती आणि तिची नणंद. घरात नणंदेला सगळे छोटी म्हणत, ती वहिनीपेक्षा वीतभर उंच असली तरी. सासूबाईंच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघींचं चार महिने बोलणं बंद होतं. दोघींचेही मोबाईल बाहेर कपाटात होते.

"आता?" छोटीने विचारलं. चार महिन्यांतला हा पहिला शब्द.

"वॉचमनची फेरी पाचला. अजून दोन तास आहेत."

तापमापकाच्या काट्यावर उणे अठरा. वहिनीच्या अंगात कापूस भरलेला कोट होता. छोटी मात्र 'दोन मिनिटांचं तर काम' म्हणत साध्या स्वेटरवर आत आली होती. तिचे दात आतापासूनच वाजत होते.

कंपनीच्या प्रथमोपचार वर्गात वहिनी पहिल्या बाकावर बसली होती. थरथर म्हणजे शरीराने पेटवलेली चूल, असं तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं. स्नायू हलतात, ऊब तयार होते. रक्त हातापायांतून मागे सरतं आणि काळीज सांभाळतं. म्हणून बोटं आधी बधिर होतात. थरथर सुरू आहे तोवर शरीर लढतंय. ती थांबली आणि माणूस अजून गारच असेल, तर समजायचं, हातघाईची वेळ आली.

तिने रिकामी खोकी फाडून जमिनीवर अंथरली, गार हवा फेकणाऱ्या पंख्याचा झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात छोटीला बसवलं, मागून घट्ट मिठी मारली आणि कोट दोघींवर ओढला. छोटीचं डोकं आपल्या ओढणीने गुंडाळलं. खिशात चार गोळ्या होत्या. त्यातल्या तीन लिंबाच्या तिने छोटीच्या तोंडात एकामागून एक घातल्या.

"चौथी?"

"खोकल्याची आहे. ती मला."

छोटी हसली, पण हसू अर्ध्यातच गोठलं.

दाराशेजारी दिव्याचं बटण होतं. आतला दिवा लागला की बाहेर लाल बत्ती पेटते, हे वहिनीला एकदम आठवलं. ती उठली, बटण दाबत राहिली. चालू, बंद, चालू, बंद. कोणाच्या नजरेस पडलं तर पडलं! बोटं ऐकेनात, तेव्हा कोपराने. मधेच धावत येऊन छोटीला मिठी, पुन्हा बटण.

तासाभराने छोटी थरथरायची थांबली.

"वहिनी, आता बरं वाटतंय. झोपते जरा."

वहिनीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "झोपायचं नाही! बोल माझ्याशी. भांड, हवं तर! सासूबाईंचं कोणी जास्त केलं, सांग!"

"तू," छोटी जड जिभेने म्हणाली. "मला... माहीत होतं."

वहिनीने तिला घट्ट कवटाळलं. कोणाची चूक, कोणाचं बरोबर, याचं तिला काहीएक पडलं नव्हतं. तिने कोट काढून पूर्ण छोटीला गुंडाळला आणि बटणाकडे झेप घेतली. दोन्ही कोपर सोलवटले तरी ती थांबली नाही.

बाहेर वॉचमन चहाचा कप घेऊन फाटकाकडे निघाला होता. बत्तीची उघडझाप पाहून तो आधी वायरमनला शिव्या घालणार होता. मग त्याला आठवलं, की आत दोघी बाया होत्या.

दार उघडलं. वहिनीने त्याला छोटीचे हात चोळू दिले नाहीत; गारठलेलं अंग चोळलं तर इजा होते, हेही नर्सबाईंनी सांगितलं होतं. "हलकेच उचला, आडवी ठेवा, गारठलेला स्वेटर काढा, कांबळी आणा, अँब्युलन्स बोलवा!"

हॉस्पिटलात तीन तासांनी छोटी पुन्हा कुडकुडू लागली. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास, कुडकुडू द्या!" वहिनी खुर्चीवर बसून रडली, अगदी हुंदके देऊन. सोमवारी दाराचा नवा दांडा बसल्याशिवाय एकही बाई आत गेली नाही.