गोळीचा गाळ

दसऱ्याच्या दिवशी गुलाबसिंगच्या दुकानापुढं पैज लागली, अन् लागली कशावर, त धनीबाईच्या सुनेच्या पोटावर. सुनेला कोणी विचारलं नव्हतं.

झालं असं, की धनीबाई तेलाची पिशवी घ्यायला आली अन् तिथंच रडगाणं घेऊन बसली. लग्नाला दोन वर्षं झाली, घराचा स्लॅब पडेपर्यंत लेकरू नको म्हणून सून वर्षा गोळ्या खात होती. स्लॅब पडला, गणपतीत गोळ्या बंद झाल्या, अन् अजून काहीच खबर नाही.

"होणार बी नाही," गुलाबसिंग तराजू पुसत म्हणाला. तांड्यात दुकान त्याचं एकच, त्यामुळं तेलमिठाबरोबर सल्लाही त्याच्याकडूनच घ्यावा लागे. "टाकीत खराब डिझेल गेलं त काय होते, धनीबाई? गाळ बसते. तसा हा गोळीचा गाळ. दोन वर्स खाल्ल्या, चार वर्स निघत नाही."

बाजूच्या ओट्यावर हंसाबाई शेंगा फोडत बसली होती. तिच्या घराच्या एका अंगाला गुलाबसिंगची भिंत, दुसऱ्या अंगाला धनीबाईची. पन्नाशीला टेकली होती, पण कोणाच्या चपला कोणाच्या दारात नेऊन ठेवायच्या, हे खूळ डोक्यातून गेलं नव्हतं.

"गुलाबभाऊ," ती म्हणाली, "तुमचं ट्रॅक्टर त रोज ढकलूनच चालू होते. त्यानं कोणत्या गोळ्या खाल्ल्या?"

दुकानापुढं हशा पिकला. गुलाबसिंगच्या मिशा थरथरल्या.

"हासू नको, भोजाई. होळीपर्यंत त्या पोरीले दिवस गेले, त म्हणशीन ते करतो."

"म्हणजे काय करता?"

"तू सांग."

हंसाबाईला विचार करायला शेंगही फोडावी लागली नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी तांड्यातल्या बायका मैदानात खुंटा रोवतात, त्याच्यापाशी गोडाचं पातेलं ठेवतात अन् काठ्या घेऊन राखण करतात. बाप्ये ते पळवायला घोळक्यानं येतात, हातात ढालीसारखं काहीतरी धरून, अन् तरी पाठी सोलून घेतात.

"तुमी एकट्यानं पातेलं उचलाले याचं," हंसाबाई म्हणाली. "रिकाम्या हातानं."

"अन् तू हारली त?"

"तुमीच सांगा."

"माहं धोतर नेसाचं, माहा फेटा बांधाचा, काजळाच्या मिशा काढाच्या, अन् आमच्या गेरात, बाप्यायच्या घोळक्यात, डफडं वाजवत होळीची लेंगी गात नाचाचं. साऱ्या तांड्यापुढं."

"धोतर धुऊन ठेवजा म्हणजे झालं," हंसाबाई म्हणाली, अन् टाळी दिली.

संध्याकाळी सोनं द्यायला वर्षा आली. आपट्याची पानं हातावर ठेवली, पाया पडली अन् म्हणाली, "काकी, पैज तुमी लावली अन् मेहनत माही. मले हिस्सा काय?"

"तुले लेकरू."

वर्षा हसली खरी, पण लगेच खाली बसली. सासूला ती याडी म्हणे, म्हणजे आई. "काकी, त्या दुकानदारानं याडीच्या डोक्यात गाळच भरून देल्ला. म्हणते, होळीपर्यंत नाही झालं त तुले मुकुटबनले माहेरी धाडतो. सहा महिने तठीच राह्य, गाळ निघू दे, मंग ये."

"अन् बबलू?"

"ते इथंच."

हंसाबाईनं कपाळावर हात मारला. "अव धनीबाई! नवरा इकडं, बायको तिकडं, अन् हिले नातू पाह्यजे! पोस्टानं येते काय?"

"मी डॉक्टरीणबाईकडं जाऊन आली. त्या म्हणे, अंगात काही साचत नाही, गोळी बंद केली की असर निघून जाते. कोणाले लवकर राह्यते, कोणाले वर्सभर बी लागते. वर्सानंतर नाही झालं त दोघंबी या. याडी म्हणे, थे डॉक्टरीण कालची पोरगी, गुलाबसिंगनं दुनिया पाह्यली." वर्षा बांगडी फिरवत राहिली. "एकदा माहेरी गेली ना काकी, त सहा महिन्याचं वर्स होते. मंग मानसं बोलाले लागतात. त्या नयनचं काय झालं, मालूम आहे ना?"

हंसाबाईला मालूम होतं. नयन अजून माहेरीच होती.

तोवर गंमत होती. त्या संध्याकाळपासून हंसाबाईनं पैज मनावर घेतली.

दिवाळी गेली, कापूस निघाला, जिनिंग सुरू झाली. बबलू जिनिंगमध्ये कामाला होता. हंसाबाई रोज वर्षाच्या तोंडाकडं पाही, वर्षा रोज मान हलवी. दर महिन्याला धनीबाई दुकानात जाऊन नवा उसासा टाकी, अन् गुलाबसिंग धोतर वाळत घालताना मुद्दाम हंसाबाईच्या बाजूला पसरी.

एका दुपारी बबलू हंसाबाईच्या ओट्यावर चहा पिता पिता झोपला. कप हातात, तोंड उघडं.

"काहून रे," तिनं त्याला हलवलं, "रात्री काय करत होता?"

"कामावर होतो, काकी. संक्रांत आली, मले एक दिवसपाळी भेटली नाही. बाकीच्यायची बदलते, आमच्या टोळीची नाही."

"अन् वर्षा?"

"दिवसा शिवणक्लासले राह्यते. मी आलो की थे जाते, थे आली की मी जातो. रविवारी भेटतो, त याडी दोघाच्या मधात बसून शेंगा सोलते."

"मुकादम कोण तुमचा?"

"शामभाऊ. गुलाबकाकाचा साडू."

हंसाबाईच्या डोळ्यांत अशी चमक आली, की बबलूची झोपच उडाली. गुलाबसिंग! म्हणजे गाळ पोरीच्या पोटात नव्हता, साडूच्या पाळीत होता.

दुसरी कोणी असती त दुकानापुढं जाऊन भांडली असती. हंसाबाईनं नवं लुगडं नेसलं, वाटीभर तीळगूळ घेतला अन् शाम मुकादमाच्या घरी भुरीबाईकडं गेली. भुरीबाई त्याची बायको, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून.

"कसं करता व बाई तुमी," हंसाबाई म्हणाली, "नवरा सारा सीझन रातपाळीले. मले त नवरा एक रात घरी नसला त झोप लागत नाही."

"काम हाय, काय करता?"

"हो ना. अन् तिथी गरम चहा भेटते म्हणतात रात्री. आपल्याले बरं वाटते, कोणीतरी काळजी घेते मानसायची."

"कोण घेते?"

"मले काय मालूम, बाई? मी कधी गेली? घ्या, तीळगूळ घ्या, गोड बोला."

त्या घरात पुढं कोणी गोड बोललं नाही. दोन दिवसांत शाम मुकादम दिवसपाळीला आला, अन् सारी टोळी घेऊन आला. रात्रीचा चहा देणारा एक सत्तर वर्षांचा म्हातारा होता, त्याला कायमचं कोडं पडलं, की मुकादमाची बायको आपल्याला पाहायला काहून आली होती.

धनीबाईचा बंदोबस्तही हंसाबाईनंच केला. रविवार आला की ती धनीबाईला आपल्या घरी पापड लाटायला बोलावी. एवढे पापड झाले, की तिचा नवरा भारत एक दिवस म्हणाला, "कोणाचं लगन हाय काय?"

"झालेलं हाय," हंसाबाई म्हणाली. "तुमी खा."

होळी तोंडावर आली. आदल्या दिवशी वर्षा मागच्या दारानं आली अन् कुजबुजली, "काकी, दिवस चुकले. तपासाची पट्टी आणून देता? मेडिकलवाला ह्यायच्या वर्गातला हाय, मी गेली त सांजेपर्यंत तांड्यात बोंब होते."

हंसाबाई पुसदला गेली. मेडिकलवाल्यानं पट्टी देताना तिच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं.

"कोणासाठी, काकू?"

"माह्यासाठी. काहून, नजर लावतं काय?"

पहाटे वर्षानं भिंतीवरून हात काढला. पट्टीवर दोन रेघा होत्या. हंसाबाईनं तोंडात पदर कोंबला, नाहीतर होळी तिनंच पेटवली असती. मग ती अंगणात जाऊन आपली सगळ्यात जाड काठी तेल लावून पुसत बसली. गुलाबसिंगची पाठ केवढी आहे, कुठून सुरुवात करावी, हे ती मनातल्या मनात मोजत होती, तेवढ्यात धनीबाई आली. सारा तांडा ऐकेल अशा आवाजात बोलणारी ती बाई, पण आज कानाशी येऊन कुजबुजली.

"हंसा, सुनेनं सांगतलं मले."

"मंग आता धाडता काय मुकुटबनले?"

"नाव नको काढू. पायरी उतरू देत नाही मी तिले." धनीबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "पण हे आज बाहेर नको काढू. माह्या पहिल्या वक्ताले मी साऱ्या तांड्यात साखर वाटली होती. अन् पंधरवड्यात गेलं. मंग ज्यायनं साखर खाल्ली, थे एकेक येऊन विचारे. तीन महिने होऊ दे. पोरीचंबी हेच म्हणणं हाय."

"अन् माही पैज?"

धनीबाईनं हात जोडले. "हार."

हंसाबाईनं तेल लावलेल्या काठीकडं पाहिलं. एवढी चांगली काठी, अन् एवढी रुंद पाठ. उभ्या जन्मात तिनं मुद्दाम हार मानली नव्हती. मग भिंतीपलीकडं उभी असलेली वर्षा दिसली, पोटावर हात, डोळे हिच्याकडं.

"सांगा त्या गुलाबसिंगले," हंसाबाई म्हणाली, "धोतर आण म्हणा."

दुसऱ्या दिवशी मैदानात अख्खा तांडा जमला. गुलाबसिंगनं धोतर इस्त्री करून आणलं होतं. हंसाबाईला फेटा त्यानं स्वतः बांधला, काजळाच्या मिशाही स्वतः काढल्या, अन् आपल्यापेक्षा वीतभर लांब काढल्या.

"मी सांगतलं होतं का नाही?" तो चारी दिशांना ओरडला. "गाळ! गोळीचा गाळ!"

सावलीत धनीबाई सुनेला खुर्ची देत होती, उशी देत होती, वारा घालत होती. हंसाबाईनं मिशीआडून डोळे वटारले, तेव्हा कुठं तिनं पंखा खाली ठेवला.

"गुलाबभाऊ," डफडं गळ्यात अडकवत हंसाबाई म्हणाली, "पुढच्या होळीची लावता काय? पुढच्या होळीले बबलूच्या घरी पाळणा. बोली तीच."

"तीच? चार वर्स निघत नाही म्हणून सांगतो ना, भोजाई! लाव! सारे गवाह हा!" अन् त्यानं एवढ्या जोरात टाळी दिली, की हंसाबाईचा हात झिणझिणला. सावलीत वर्षाला ठसका लागला. धनीबाईनं तिच्या तोंडापुढं पाणी धरलं, अन् आपणच पिऊन टाकलं.

मग हंसाबाईनं डफड्यावर थाप मारली अन् बाप्यांच्या गेरात शिरली. धोतर वर खोचलं, छाती काढली, गुलाबसिंग चालतो तशी फेंगडी चालली, अन् लेंगीचा असा सूर लावला, की म्हातारे उठून ताल धरू लागले. बायका काठ्या टाकून हसत लोळल्या. घामानं मिशा हनुवटीवर आल्या. गुलाबसिंग ओरडला, "अजून एक फेरा! पैज हाय!" तिनं दुसरा फेरा मारला. तिसरा तिला कोणी मागितला नव्हता, तोही मारला.