ताईची काळी बोटं

या घरातल्या नातवाचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही, मित्रांनो. चार दिवस तो भिंग घेऊन माझ्यावर वाकून बसला, माझा कणन् कण पाहिला, आणि नेमकं जपायचं तेच पुसून मोकळा झाला. शिकलेली माणसं ही अशी. विचारायला म्हणून तोंड उघडणार नाहीत.

मी एक जुनी तसबीर आहे. माझ्यात एक बाई खुर्चीवर बसली आहे. विहिरीच्या पाण्यातलं विष ओळखायची सोपी रीत तिनं शोधली आणि तिचं नाव देशोदेशी झालं. माझा जन्म झाला तेव्हा मात्र तिला कुणी ओळखत नव्हतं. प्रयोगशाळेत रोज चांदीच्या क्षारात हात घालून तिची बोटं काळी पडली होती. फोटोग्राफर म्हणाला, बाई, हात मागे घ्या. तिनं उलट दोन्ही हात मांडीवर पसरून ठेवले. मी तिच्यावरच गेले आहे.

तिच्या धाकट्या बहिणीनं मला जेवणाच्या खोलीत लावलं. पाहुणे कौतुक करायचे, मी मिरवायचे. पुढे ताई गेली; माझ्यातल्या बाईला ती ताईच म्हणायची. मग भिंती रंगवायला काढल्या तेव्हा मला कपाटामागे ठेवलं, ते ठेवलंच. बारा वर्षं. ओल आली, बुरशी धरली, एक कोपरा झुरळांनी खाल्ला. कुणी विचारपूस केली नाही. मीही हाक मारली नाही. तेवढा मान आहे मला.

यंदा ताई जिथं काम करायची त्या संस्थेला दालनात लावायला फोटो हवा झाला, तेव्हा सगळ्यांची धावपळ. नातवानं मला मऊ ब्रशनं साफ केलं, संगणकावर उतरवलं, तिथं डाग पुसले आणि नवी प्रत काढली. आज दुपारी आम्हा दोघींना टेबलावर शेजारी उभं केलं. संध्याकाळी संस्थेचा माणूस येऊन एकच नेणार होता, आणि लोक ताईला त्याच रूपात ओळखणार होते.

सून म्हणाली, नवी किती तजेलदार दिसते. मुलानं मान डोलावली. बायको बोलली की त्याची मान आपोआप हलते. पण निवड आजीची, म्हणजे त्या धाकट्या बहिणीची. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. चष्मा पुसून ती नव्या फोटोजवळ गेली.

“हे हात कुणाचे?”

“मोठ्या आजीचेच की,” नातू म्हणाला. “बुरशी पार बोटांपर्यंत गेली होती. तीही काढली.”

आजी खुर्चीत बसली. तिची शाळा दुसरीतच सुटली होती. ताई कामावरून आली की तिचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची. ती काळी बोटं साबणानं कितीदा घासली, निघाली नाहीत, असं आजी सांगत राहिली. आपण आज सही करतो ती त्याच बोटांमुळे, म्हणाली. नातवानं भिंग उचललं आणि माझ्यातली बोटं पुन्हा पाहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर साफ करा. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठला डाग ओलीचा आणि कुठला कष्टाचा.

आजीनं नवा फोटो उचलून नातवाच्या हातात दिला.

“काम सुबक केलंस, नाही म्हणत नाही,” ती म्हणाली. “पण ही बाई आपल्या घरची नाही. संस्थेच्या माणसाला मी चहा पाजत बसवून ठेवते. माझी ताई आणल्याशिवाय तू खोलीबाहेर येऊ नकोस.”